श्रीमंत व्हायला शिकवणारा माणूस स्वतः श्रीमंत कशाने झाला?

'थिंक अँड ग्रो रिच' हे पुस्तक सगळ्यांना माहीत. ते लिहिणारा नेपोलियन हिल मात्र फार कुणाला माहीत नाही. पैशाचा सल्ला ऐकण्याआधी सल्ला देणाऱ्याचा इतिहास का बघायचा, हे समजून घ्यायचं तर त्याची ही गोष्ट वाचायलाच हवी.

फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ असो, पुण्यातला अप्पा बळवंत चौक असो, नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडवरचा स्टॉल. एक पुस्तक तिथे हमखास दिसतं. 'थिंक अँड ग्रो रिच'. मराठी अनुवादही सहज मिळतो. नेटवर्क मार्केटिंगच्या मीटिंगला कुणी ओढून नेलंच, तर तिथेही या पुस्तकाचं नाव निघतंच. होस्टेलवर एकच कॉपी पाच-सहा जणांत फिरत असते. कुठे रेघा मारलेल्या, कुठे पानाचा कोपरा दुमडलेला.

आणि खोटं कशाला बोला, वाचताना भारी वाटतं. आपणही काहीतरी करून दाखवू असं वाटायला लागतं. पण एक साधा प्रश्न आपण विचारतच नाही. हे सगळं सांगणारा हा बाबा होता कोण? त्याने स्वतः पैसे कसे कमावले? घरी लग्न जमवताना आपले लोक समोरच्याची सात पिढ्यांची माहिती काढतात. मग ज्याच्या शब्दावर आपण नोकरी सोडायची की नाही, कर्ज काढायचं की नाही हे ठरवतो, त्याची एक पिढी तरी बघायला नको का?

चला, बघू.

पिस्तूल गेलं, टाइपरायटर आला

नेपोलियन हिलचा जन्म २६ ऑक्टोबर १८८३ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, वाइज काउंटीतल्या डोंगराळ भागात झाला. घरची गरिबी. लहान वयातच आई गेली. पोरगं हाताबाहेर चाललेलं, कमरेला पिस्तूल लावून गावभर हिंडायचं. मग वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, त्याच्या अगदी उलट ही बाई निघाली. शिकलेली, समजूतदार. पिस्तूल ठेवून दे, मी तुला टाइपरायटर घेऊन देते, असा सौदा तिने पोराशी केला, असं सांगतात. ही गोष्ट हिलच्या बाजूने लिहिलेल्या चरित्रात येते आणि ती खरी नसेल असं मानायचं काही कारण नाही. कारण मिसरूड फुटायच्या आधीच हा मुलगा आसपासच्या छोट्या वर्तमानपत्रांना बातम्या पाठवायला लागला होता.

म्हणजे लिहायची कला त्याच्याकडे होती, ती कुणी नाकारू शकत नाही. पुढे वकील व्हायचं ठरवलं, पण पैशाअभावी ते राहून गेलं. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या हुशार पण परिस्थितीने अडलेल्या पोराची वाटावी, अशीच आहे.

साठ सेकंदांची ती भेट

आता येते ती भेट, जिच्यावर हिलची सगळी इमारत उभी आहे.

हिल सांगतो ते असं. १९०८ साली एका मासिकासाठी तो अँड्र्यू कार्नेगीची मुलाखत घ्यायला गेला. कार्नेगी म्हणजे स्कॉटलंडमधल्या विणकराचा मुलगा, पुढे पोलादाचा सम्राट झालेला, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. मुलाखत तीन तासांची ठरली होती, ती लांबत गेली. मग कार्नेगीने या पोरसवदा पत्रकारापुढे एक प्रस्ताव ठेवला. वीस वर्षं घालव, पाचशे यशस्वी माणसांना भेट, त्यांच्या यशाचं सूत्र शोध आणि ते जगाला सांग. ओळखपत्रं मी देतो, पगार मात्र देणार नाही. उत्तरासाठी हिलला मोजून साठ सेकंद होते. कार्नेगीने हातात घड्याळ धरलेलं. हिलने एकोणतिसाव्या सेकंदाला हो म्हटलं.

काय सीन आहे ना? सिनेमात शोभावा असा. अडचण एवढीच की ही भेट झाली, याला हिलच्या स्वतःच्या शब्दापलीकडे कसलाही आधार नाही. कार्नेगी १९१९मध्ये वारला. हिलने ही कहाणी छापून आणली ती त्यानंतर, म्हणजे खरं-खोटं सांगणारा माणूस उरला नाही तेव्हा. कार्नेगीचं मोठं चरित्र लिहिणारे इतिहासकार डेव्हिड नासॉ यांनी त्याची कागदपत्रं पिंजून काढली. हिलला तो कधी भेटल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

थॉमस एडिसनबरोबर हिलचा एक फोटो आहे, हे मान्य करायला हवं. पण पाचशे नामवंतांना भेटल्याचा दावा करणाऱ्याकडे पाचशे भेटींच्या खुणा असायला हव्या होत्या. तशा त्या नाहीत. आपण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना सल्ला देत होतो, असंही तो सांगायचा. त्यालाही आधार त्याच्याच शब्दाचा.

लाकूड, मोटारी आणि जाहिराती

मग १९०८मध्ये हिल खरोखर काय करत होता? ते मात्र त्या वेळच्या वर्तमानपत्रांत सापडतं. अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात त्याची भागीदारीत लाकडाची कंपनी होती. बाहेरून उधारीवर लाकूड उचलायचं आणि खरेदीच्याही खालच्या भावात विकून रोकड करायची, असा तो प्रकार असल्याच्या तक्रारी होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत आणि टपालाद्वारे फसवणुकीच्या आरोपात अडकल्याची बातमी छापून आली.

पुढच्याच वर्षी गडी वॉशिंग्टनला. तिथे त्याने मोटारींचं कॉलेज काढलं. मोटार तेव्हा नवीन होती, जशी आज एआयची हवा आहे. कॉलेजात मुलांना गाड्या जुळवायला, चालवायला, विकायला शिकवणार असं ठरलं. फी मुलांनी भरायची, गाड्याही मुलांनीच जुळवायच्या आणि त्या जायच्या एका मोटार कंपनीकडे. १९१२च्या सुरुवातीला त्या कंपनीचंच दिवाळं वाजलं. त्याच वर्षी मोटार व्यवसायाच्या एका मासिकाने या कॉलेजच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत म्हणून त्याची सालं काढली. वर्ष संपेपर्यंत कॉलेज बंद.

मग शिकागो. १९१५मध्ये तिथे त्याने जाहिरातकला शिकवणारी संस्था काढली, तिला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं आणि स्वतः तिचा डीन झाला. यशाची तत्त्वं आणि आत्मविश्वास शिकवणं, हे तिचं काम. जून १९१८मध्ये इलिनॉय राज्याने त्याच्या अटकेसाठी दोन वॉरंट काढली. आरोप असा की संस्थेचं भांडवल एक लाख डॉलर दाखवून तो तिचे शेअर विकायला निघाला होता आणि तिची मालमत्ता मोजली तर ती भरली फक्त १२०० डॉलरची. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, यातलाच प्रकार.

ज्या कायद्याखाली ही कारवाई झाली, त्याला अमेरिकेत 'ब्लू स्काय' कायदा म्हणतात. निळ्या आभाळाशिवाय हातात काही नसताना त्याचे तुकडे पाडून लोकांना विकणाऱ्यांना आवर घालायचा म्हणून असे कायदे १९११पासून एकेका राज्यात आले. वॉरंट म्हणजे शिक्षा नव्हे, हे खरं. पण दहा वर्षांत तीन शहरं, तीन धंदे आणि तिन्ही ठिकाणी आरोप नाहीतर बोंबाबोंब, याला निव्वळ योगायोग म्हणणं जड जातं.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्या. लाकडाचा धंदा लाकडाचा होता. मोटारीचं कॉलेज निदान मोटारीचं तरी होतं. शिकागोपासून मात्र हिल विकायला लागला तो आत्मविश्वास. या मालाला गोदाम लागत नाही, तो नासत नाही आणि वजनात कमी भरला म्हणून गिऱ्हाईक परतही आणत नाही.

१९३७ : पुस्तक आलं

युद्ध संपल्यावर हिलने मासिकं काढली, ती चालली आणि थांबली. १९२८मध्ये 'द लॉ ऑफ सक्सेस' हा त्याचा ग्रंथ आला आणि पहिल्यांदा पैसा आला. रोल्स रॉइस आली, डोंगरात मोठी इस्टेट आली. वर्षभरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, महामंदी आली आणि हे सगळं गेलं. मंदीत लाखो भले लोक बुडाले, त्यामुळे हा दोष हिलच्या माथी मारायला नको. पण यशाचे नियम नुकतेच जगाला सांगितलेल्या माणसाला ते नियम त्या वर्षी उपयोगी पडले नाहीत, याची नोंद घ्यायला हवी.

१९३३मध्ये अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे जवळपास एक जण बेकार होता. मंदी रेंगाळतच होती. अशा वेळी, १९३७मध्ये, 'थिंक अँड ग्रो रिच' बाजारात आलं. हस्तलिखितावर त्याची तेव्हाची पत्नी रोझा ली हिने मेहनत घेतली होती. उपाशी माणसाला भाकरीचा वास यावा तसं ते पुस्तक लोकांपर्यंत पोहोचलं आणि आजवर कोट्यवधी प्रतींनी खपलं.

पुस्तकात काय आहे? तेरा पायऱ्या आहेत. किती पैसे हवेत तो आकडा ठरवा, त्याच्या बदल्यात काय द्याल ते ठरवा, तारीख घाला, योजना आखा, सगळं लिहून काढा आणि रोज सकाळ-संध्याकाळ मोठ्याने वाचा. आपल्यापेक्षा जाणत्या माणसांचा गट जमवा. ठरवलेलं सोडू नका. यातलं बरंचसं आपली आजीही सांगेल आणि त्यात वाईट काही नाही. पण या सगळ्याच्या वर हिल एक गुपित ठेवतो. हे गुपित प्रत्येक प्रकरणात आहे, पण मी त्याचं नाव घेणार नाही, जो तयार असेल त्याला ते दिसेल, अशी त्याची मांडणी. म्हणजे तुम्हाला दिसलं नाही, तर तुम्हीच तयार नव्हता.

शेवटच्या भागात तर एक मजेशीर कबुली आहे. रोज रात्री डोळे मिटून आपण नऊ थोर माणसांची सभा भरवायचो, असं तो सांगतो. त्यात लिंकन, डार्विन, एडिसन, फोर्ड, नेपोलियन बोनापार्ट हे सगळे यायचे. सभा काल्पनिक होती, हे तो स्वतःच स्पष्ट करतो. त्या नऊ जणांच्या यादीत कार्नेगीही आहे.

पुस्तक धो धो चाललं, पण हिलच्या हातात पैसा टिकला नाही. रोझा लीशी झालेलं लग्न मोडलं आणि कमाईतला मोठा हिस्सा तिच्याकडे गेला. खरी स्थिरता त्याला मिळाली ती १९५२नंतर. डब्ल्यू. क्लेमेंट स्टोन नावाचा विमा व्यवसायातला बडा माणूस त्याला भेटला. स्टोन त्याच्या पुस्तकाचा भक्त. दोघांनी मिळून व्याख्यानं, कोर्स, पुस्तकं असा संसार थाटला. पुस्तक वाचून श्रीमंत झालेला माणूस म्हणून स्टोनकडे बोट दाखवलं जातं. पण हा स्टोन पोरवयापासून विमा विकत होता. पुस्तक निघायच्या सात वर्षं आधी, १९३०मध्ये, त्याच्यासाठी हजारावर एजंट काम करत होते. पुस्तकाने त्याला बळ दिलं असेलही, पण गाडी त्याआधीच रस्त्याला लागली होती.

८ नोव्हेंबर १९७० रोजी, ८७व्या वर्षी हिल वारला. त्याच्या नावाची संस्था आजही काम करते.

मग विश्वास ठेवायचा की नाही?

हिल ठग होता की स्वतःच्याच गोष्टींवर विश्वास ठेवणारा स्वप्नाळू, यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. त्याच्या पोटात काय होतं ते आता कळणार नाही. आपल्या कामाचा आहे तो त्याच्या आयुष्याचा हिशेब. त्यातून चार प्रश्न निघतात आणि ते आजच्या कुठल्याही पैसा-गुरूला लावता येतात. मग तो पुस्तक लिहिणारा असो की रीलवर बोलणारा.

पहिला प्रश्न, पैसा आला कुठून? जे शिकवतो ते करून, की ते शिकवण्याची फी घेऊन? हिलने लाकडात कमावलं नाही, मोटारीत कमावलं नाही. कमावलं ते श्रीमंत कसं व्हायचं हे सांगण्यात. ट्रेडिंग शिकवणारा माणूस ट्रेडिंगवर जगतो की तुमच्या कोर्सच्या फीवर, हे विचारायला लाजू नका.

दुसरा, सांगतो ते तपासता येतं का? भेटी, पदव्या, कमाईचे स्क्रीनशॉट यांना त्याच्या स्वतःच्या शब्दापलीकडे आधार आहे का? शेअर बाजारात कुठे पैसे घालायचे, याचा सल्ला फी घेऊन द्यायचा तर आपल्याकडे सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागायचा आणि सेबीच्या वेबसाइटवर बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा, हरलेले कुठे गेले? हिलने यशस्वी माणसांची यादी केली. तीच इच्छा, तीच जिद्द ठेवून बुडालेले किती होते, ते त्याने मोजलं नाही. त्याच्या पुस्तकात सोन्याच्या खाणीची प्रसिद्ध गोष्ट आहे. खणणाऱ्यांनी कंटाळून काम सोडलं आणि सोनं होतं जेमतेम तीन फूट पुढे. ही गोष्ट वाचून कुणी पाचवा अटेम्प्ट देतं, कुणी तोट्यातल्या धंद्यात आणखी पैसे ओततं. पण ज्यांनी आणखी तीनशे फूट खणलं आणि दगडच लागला, त्यांची गोष्ट कोण लिहिणार? शिवाय नीट वाचलं तर त्या खाणीत सोनं सापडलं ते खणत राहणाऱ्याला नाही. ज्याने भंगाराच्या भावात खाण घेतली आणि आधी एका जाणकार इंजिनिअरला विचारलं, त्याला. हिलही हे सांगतो, पण आपल्या लक्षात राहतात ते तीन फूट. आणि हरलेल्यांचा आकडा बघायचाच असेल तर हा घ्या. सेबीच्या २०२४मधल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य ट्रेडरपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. रीलवर दिसतात ते उरलेले सात.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. सल्ला चुकला तर दोष कुणाचा? डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही तर तो औषध बदलतो. हिलच्या पद्धतीत औषध कधीच चुकत नाही. पैसे आले तर सूत्राची कमाल, नाही आले तर तुमची इच्छा कच्ची, श्रद्धा अपुरी. खिसा रिकामा होतो तो होतोच, वर आपणच कमी पडलो हे ओझंही डोक्यावर येतं. घरची शेती कोरडवाहू आहे, बापाच्या आजारपणात कर्ज झालंय, गावात नोकऱ्या नाहीत, ही कारणं त्या सूत्रात बसतच नाहीत. अशा पोराला तू मनापासून श्रीमंतीचा विचार केला नाहीस, असं सांगणं हा शुद्ध अन्याय आहे. आणि तो अन्याय आपण स्वतःवरच करून घेतो, रोज सकाळ-संध्याकाळ, मोठ्याने वाचून.

म्हणून पुस्तक फेकून द्या असं मुळीच नाही. ध्येय कागदावर लिहायची सवय चांगली, बदल्यात मी काय देणार हा प्रश्न त्याहून चांगला. जाणत्या माणसांत ऊठबस ठेवावी, हेही खरं. तेवढं घ्या. पण ते चांगलं आहे म्हणून घ्या, कार्नेगीने सांगितलं म्हणून नको. उभारी मिळवायला हिल चालेल. पैसे कुठे घालायचे, कर्ज किती काढायचं, नोकरी कधी सोडायची हे ठरवताना मात्र त्याला खोलीबाहेर बसवा आणि ज्याचा हिशेब तपासता येतो अशा माणसाशी बोला. तो जिल्हा बँकेतला ओळखीचा कारकून असेल, नोंदणी असलेला सल्लागार असेल किंवा पंचवीस वर्षं किराणा दुकान चालवणारा मामा असेल. त्यांचं बोलणं ऐकून अंगावर काटा येणार नाही. पण तोटा झाला तर तो कशाने झाला, हे ते तुम्हाला सांगू शकतील.